भुईवर बसवणारी बाई

"बाप खाटेवर गेला तो तुह्यापायी," लटारू म्हणाला. "त्या नर्सबाईले तूच बोलावून आणलं."

"मंग का करू? तू बाजारात बैलाचे दात पाहून राह्यला होता. इथी बापाचा दम घुटत होता," मनसाराम म्हणाला.

"दम घुटला म्हणजे भुईवर घ्याचं. सारं गाव घेते. खाटेवर जीव गेला म्हणजे माणूस ना इकडचा ना तिकडचा. तुह्या वहिनीनं काल ऐकलं, खाट करकरत होती."

"वहिनीले उंदीर फिरला तरी बाप दिसते."

"बापाची गती अडली अन् तुले हसू सुचते?"

कुडाला कान असतात म्हणतात. त्या दिवशी कुडापलीकडं ती नर्सबाई, भागीरथाच, उभी होती. देवाजी बुढा जाऊन तीन दिवस झाले होते. त्याची बायको रुखमाबाई रडून रडून निजली असेल, तिची नाडी पाहून यावी म्हणून ती आली होती. दोन्ही भावांचं भांडण तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि आल्या पावली परत गेली. नाडी राहिली.

देवाजीची खाट त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या पाळीवर नेऊन टाकली. चांगली सागाची खाट. पण सरपणाला म्हणून कोणी तिचा एक पाय उचलला नाही. आणि भागीरथाचं नाव गावानं ठेवलं, खाटेवाली बाई.

ही गोष्ट कोसमटोल्याची, गडचिरोली तहसिलीतली. तेव्हा जिल्ह्याला चांदाच म्हणत, आणि दवाखाना जनपद सभेचा, म्हणजे तहसिलीच्या स्थानिक कारभाराचा, असे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, गुणवंतराव कंपाउंडर आणि भागीरथा. डॉक्टर गडचिरोलीहून एक मंगळवार सोडून एक यायचे, तेही काठाणी नदीला पूर नसला तर. येताना छाती ऐकायची नळी गळ्यात घालून यायचे आणि जाताना गळ्यातच घालून न्यायचे. मागे राहायच्या त्या त्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या. अमक्याला अमकं झालं तर इतकं इंजेक्शन, त्याहून जास्त नाही, खाली सही.

भागीरथा ब्रह्मपुरीकडच्या कुणब्याची लेक. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. सासरी म्हणाले पांढऱ्या पायाची, माहेरी म्हणाले तोंडाची फाटकी. दोन्हीकडचं खरं धरून ती नागपूरला दवाखान्यात कामाला लागली, आधी भांडी घासायला, मग रोग्यांना पुसायला, मग रीतसर शिकून नर्स झाली. कोसमटोल्यात आली तेव्हा चाळिशीला टेकली होती. उंच, हाडापेरानं मोठी, पांढरं लुगडं, आणि छातीशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ. ते घड्याळ उलटं लटकायचं. बायांना वाटायचं बाईला घड्याळ लावता येत नाही. नाडी धरून खाली मान घातली की तिला ते सुलटं दिसतं, हे कळायला गावाला दोन वर्षं लागली.

देवाजीच्या वेळी तिचं काय चुकलं, हे तिनं मनात पुष्कळदा उलगडून पाहिलं होतं. बुढ्याचं काळीज थकलं होतं. काळीज थकलं की पाणी पुढं ढकललं जात नाही, फुप्फुसात साचतं. अशा माणसाला आडवं करू नये. निम्मी भरलेली घागर आडवी केली की पाणी तोंडाशी येतं, तसंच ते. तो माणूस स्वतःच उठून बसायला धडपडतो, खिडकी शोधतो, उशा मागतो. म्हणून तिनं देवाजीला खाटेवर बसवून ठेवलं होतं. तिला बोलावलं तेव्हा त्याची नखं निळी झाली होती, उशीर झाला होता. तो बसल्या बसल्याच गेला. विद्येप्रमाणं चूक नव्हती. गावाप्रमाणं होती.

आणि गावाला ती खुळं म्हणत नव्हती. तिच्या आईलाही शेवटी भुईवर घेतलं होतं. शेणानं सारवलेली जागा, तुळशीचं पान, वैनगंगेचं पाणी पळीनं. भुईतून आलो, भुईवरून जावं, यात वाईट काय? फक्त ज्याची अजून जायची वेळ झाली नाही त्यालाही नेमकं तेव्हाच भुईवर उताणं पाडतात, आणि मग त्याची वेळ होते. हे सांगायचं कसं? सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई आपली खाट झाकून राह्यली.

त्या वर्षात गावात दोन माणसं दमानं गेली. दोघंही उताणी, दोघंही सारवलेल्या भुईवर. भागीरथाला कळलं ते रडणं ऐकू आल्यावर. दवाखान्यापासून त्यातलं एक घर पन्नास पावलांवर होतं. त्या दिवशी ती ओसरीत सुया उकळत बसली, उकळलेल्या सुया पुन्हा उकळल्या.

"बाई, पाणी आटलं," गुणवंतराव म्हणाले.

"आटू द्या," ती म्हणाली. तिला बोलावणं यावं, वेळेवर यावं, एवढंच तिला हवं होतं. बोलावण्यावाचून कोणाच्या घरात शिरून माणूस बसवता येत नाही.

बोलावणं आलं ते धान कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, आणि आलं तेही कोणाच्या घरून? मनसाराम धोतर खोचून पळत आला. "बाई, माय गेली. म्हणजे गेली नाई, जाऊन राह्यली. तोंडातून गुलाबी फेस. चला लवकर."

गुणवंतरावांनी कपाटाची किल्ली हातात धरली, पण कपाट उघडलं नाही. "बाई, विचार करा. त्याच घरी पुन्हा काही झालं तर तुमचं नाव जाईल."

"नाव गेलंच आहे. आता जायची फक्त मीच उरले. कपाट उघडा."

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीप्रमाणं मॉर्फियाची एक कुपी, सुई, आणि जुन्या चादरीच्या चार पट्ट्या तिनं डब्यात घेतल्या. पट्ट्या कशाला, हे मनसारामनं विचारलं नाही. पळणाऱ्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

घरात पोचली तेव्हा व्हायचं ते होत होतं. रुखमाबाई सारवलेल्या भुईवर उताणी. ओठ जांभळे, छाती भात्यासारखी, गळ्यात बुडबुड. लटारूची बायको कमळा डोळे पुसत पळीनं पाणी पाजत होती, आणि पाण्याच्या प्रत्येक पळीबरोबर बुढी ठसकत होती. लटारू दारात आडवा उभा. भांडायची पूर्ण तयारी करून.

भागीरथानं चपला काढल्या, आत आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "भुईवर घेतलं, बरं केलं."

 जे शब्द लटारूनं जुळवून ठेवले होते त्यांना आता जागाच नव्हती.

"कमळाबाई, पाणी थांबवा थोडं. पोटात नाई जाऊन राह्यलं ते, छातीत जाऊन राह्यलं. लटारूभाऊ, मायले बसवाचं आहे."

"भुई सोडाची नाई," लटारूला एवढंच आठवलं.

"कोण सोडते? बुढीचं बूड भुईलेच राहीन. डोकं तेवढं वर घेऊ."

"बसून का कोणी मरते?"

"नाई मरत ना, भाऊ. म्हणूनच."

मनसारामला हसू फुटलं आणि लगेच लाजही वाटली. लटारूनं त्याच्याकडं पाहिलं, मग आईकडं. आई बोलू शकत नव्हती, पण तिचा हात हवेत काहीतरी धरायला पाहत होता. बुडणारं माणूस काठ शोधतं तसा. ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या, पोराला तो हात ओळखायला वेळ लागला नाही. तो खाली वाकला आणि त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं.

आता टेकवायचं कशाला? भिंत कुडाची, बांबूच्या कामट्या टोचणारी. धानाची पोती अजून खळ्यावर. उशा म्हणाल तर घरात एक, तीही गाठोड्याची.

"भाऊ, तुमी तिकडं तोंड करा. बसा. पाठीले पाठ लावा."

"कोणाच्या?"

"मायच्या. आणखी कोणाच्या?"

लटारू बसला. आईची पाठ त्याच्या पाठीला टेकली आणि तो दचकला. एवढीशी पाठ, आणि आत एवढा धुमाकूळ. भागीरथानं दोघांना तसंच सरकवत सरकवत ओसरीच्या कडेला आणलं, म्हणजे बुढीचे पाय खाली अंगणात लोंबकळतील.

"ही ओसरी होय, भुई नाई," लटारू पाठमोराच बोलला.

"ओसरीची माती का नागपूरहून आणली? तुमच्याच वावरातली होय. हलू नोका."

सुई टोचली. मग पट्ट्या काढल्या. मांडीला एक, दुसऱ्या मांडीला एक, दंडाला एक. तीन अवयव आवळले, चौथा मोकळा. पाव घंटा झाला की एक सोडायची, मोकळ्याला बांधायची, पाळीपाळीनं. हातापायांत रक्त थोडं थांबतं, तेवढंच थकलेल्या काळजाकडं कमी जातं, त्याला उसंत मिळते. बैल दमला की चारातला एक भारा उतरवतो तसं. फार वेळ बांधून ठेवलं तर पाय काळा पडतो, म्हणून घड्याळ. आवळायचंही किती, तर पट्टीखालची नाडी बोटाला लागत राहिली पाहिजे.

अंगणात शेजार जमला होता. इतवारी नावाची तोंडाळ म्हातारी पुढं आली. "अवं माय, बुढीले चोरावाणी बांधलं! हे कोणतं औषध?"

"तिनं मासोळ्या चोरल्या, इतवारीबाई," भागीरथा घड्याळावरची नजर न काढता म्हणाली. "तुमची पाळी मंग."

इतवारी मागं सरली, पण घरी गेली नाही.

छाती ऐकायची नळी नव्हती. भागीरथाला बुढीच्या पाठीला कान लावायला जागाही नव्हती, तिथं लटारू होता. तेव्हा तिनं त्यालाच विचारलं, "भाऊ, पाठीत का वाजते?"

लटारूनं पाठ आणखी दाबून धरली. "भात शिजून राह्यला. खदखद खदखद."

"खालून का वरून?"

"सारीकडून."

"बरं. मन लावून ऐका. फरक पडला का सांगा."

असा माणूस कामाला लावला. ज्या तोंडानं शिव्या यायच्या ते तोंड बंद, आणि पाठ कामावर. पट्टी सुटली, पट्टी बांधली. मुंग्यांची एक रांग लटारूच्या पावलावरून गेली, तो हलला नाही. त्याचा स्वतःचा श्वास आईच्या श्वासाबरोबर जायला लागला, जोरात, मग त्याला घाम आला, मग तो आपोआप सावकाश श्वास घेऊ लागला. आईचा श्वास त्याच्यामागं गेला की त्याचा आईच्या, हे सांगता येत नाही. ऊन अंगणातून गोठ्याच्या दाराशी गेलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "वरचं थांबलं. खालीच वाजते."

भागीरथानं बुढीची नखं पाहिली. जांभळी होती ती आता नुसती मळकी होती. "आणखी थोडं."

आणखी एक फेरा झाला पट्ट्यांचा.

"भात आटला," लटारू म्हणाला.

पट्ट्या तिनं एकदम सोडल्या नाहीत, एकेक करून सोडल्या, मध्ये वेळ ठेवून. एकदम सोडल्या तर थांबवलेलं सगळं रक्त एका दमात काळजाकडं धावतं, आणि केलेलं सारं पाण्यात. शेवटची सुटली तेव्हा रुखमाबाईनं डोळे उघडले. पहिल्यांदा बोलली ते देवाचं नाव नाही.

"लटाऱ्या, तुह्या अंगाले किती घाण वास येते रे."

कमळा रडता रडता हसली. मनसाराम तर अंगणात जाऊन उभा राहिला.

मग दम घेत घेत, तीन तीन शब्दांत, बुढीनं आणखी सांगितलं. "तुमचा बाप... बसला तेव्हा त्याले... बरं वाटत होतं. मी हात धरून होती. तो म्हणे, रुखमे, आता... मोकळं वाटते. तुमी दोघं वरीसभर... भांडून राह्यले. मले कोणी... इचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. दोन्ही भाऊ वर्षभर बापाच्या गतीवरून भांडले, आणि बाप ज्या बाईचा हात धरून गेला ती चुलीपाशी बसून ऐकत होती. भागीरथानंही विचारलं नव्हतं. कुडाआडून परत गेली होती ती. हे तिला लागलं, आणि लागलेलं तिनं कोणाला दाखवलं नाही. डबा आवरला.

"रात्रभर असंच बसवून ठेवा," ती म्हणाली. "पाठी बदला. आधी मनसारामभाऊ, मंग कमळाबाई."

"मीच बसतो," लटारू म्हणाला.

त्यानंतर कोसमटोल्यात रीत पडली. कोणाचा दम कोंडला की आधी जागा सारवायची, मग कोणीतरी ओरडायचं, "पाठ द्या रे!" आणि घरातला धट्टाकट्टा माणूस पाठ देऊन बसायचा, दुसरा दवाखान्याकडं पळायचा. भुईही राहिली, माणूसही बसला. सगळेच जगले असं नाही. पण जे गेले ते भुईवरून गेले आणि मोकळ्या छातीनं गेले, तेव्हा कोणी कोणाला बोल लावला नाही. खाटेवाली हे नाव मागं पडलं.

पण माणसाला एक गोष्ट शिकवली की तो ती सगळीकडं लावतो. दुसऱ्या उन्हाळ्यात गावचा गोविंदा ढिवर जाळं टाकता टाकता बोडीच्या काठाला कोसळला. तोंड वाकडं, उजवं अंग लुळं, शुद्ध नाही. मेंदूचा झटका तो. लोकांनी काय करावं? त्याला बसवला आणि पाठ दिली. तीन तीन माणसांनी धरून ठेवला, मान छातीवर, जीभ मागं घसरलेली, घशात घरघर. लोकांना वाटलं घरघर म्हणजे दमच. भागीरथा धापा टाकत पोचली आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा गावाला शिवी दिली. मग आठवलं की हे आपणच शिकवलं.

"निजवा! कुशीवर निजवा! तोंड खाली."

"आता निजवा म्हणते!" लटारू ओरडला, कारण पाठ तोच देत होता. "बाई, एक काईतरी सांगा!"

"डोळे उघडे असन तर बसवा. शुद्ध नसन तर कुशीवर. पाणी दोघांलेही नाई."

एवढं एकच वाक्य तिनं पुढं महिनाभर दारोदार सांगितलं. पोरं ते गोट्या खेळताना म्हणायची. गोविंदा कुशीवर लाळ गळून मोकळा झाला, चार दिवस त्याला दर दोन घंट्यांनी कूस पालटवत ठेवला, पाठीला फोड येऊ दिला नाही. तो वाचला. उजवा हात गेला तो गेलाच. डाव्या हातानं आणि दातानं तो जाळी विणायला शिकला, आणि पूर्वीपेक्षा चांगली विणतो असं स्वतःच सांगायचा.

रुखमाबाई त्या दुपारनंतर चार वर्षं होत आली तरी जगत होती आणि आणखी जगायची तिची तयारी होती. डॉक्टरांनी तिला काळजाची गोळी लावून दिली होती. त्या गोळीची खोड अशी की जास्त झाली तर तीच काळीज थांबवते. म्हणून नाडी पुरा एक मिनिट मोजायची, साठाच्या खाली असली तर त्या दिवशी गोळी नाही. हे काम भागीरथानं कोणावर सोपवलं नाही. कमळाला तिनं नाडी मोजायला शिकवलं होतं, पण दर गुरुवारी स्वतः जायची ती जायचीच. मधल्या काळात राज्य बदललं, दवाखान्याच्या पत्त्यात मुंबई राज्य आलं. औषधाची पेटी मात्र त्याच बैलगाडीनं, तितक्याच उशिरानं येत राहिली.

एकोणसाठ सालच्या भादव्यात भागीरथाला ताप आला आणि मेंदूत चढला. तिला खाचरानं, म्हणजे लहान बैलगाडीनं, गडचिरोलीला आणि तिथून चांद्याला नेलं, पण चौथ्या दिवशी ती गेली. जायच्या आधी शुद्ध नव्हती. गडचिरोलीपर्यंत खाचरात लटारू होता, आणि सबंध वाट त्यानं तिला कुशीवर धरलं होतं.

त्याच्या आधीच्या गुरुवारी ती रुखमाबाईकडं गेली होती. छत्री, डबा, चिखलात बुडलेल्या चपला हातात. ओसरीत बसली, बुढीचा हात घेतला, मान खाली घातली.

"तुहाच हात तापलेला आहे वं," रुखमाबाई म्हणाली.

"बोलू नोका. मोजून राह्यली."

एक मिनिट झालं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून मोजलं, कारण बुढी मध्ये बोलली होती. छप्पन्न.

"आज गोळी नाई."

"काऊन नाई? मी का पाप केलं?"

"उद्या कमळाबाई मोजन. साठ झाले तर उद्या."

मग नडगीवर अंगठा दाबला, उचलला, खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं. जरा राहिला, म्हणजे पोटात मीठ गेलं होतं आणि पायात पाणी साचलं होतं. तिनं बुढीच्या तोंडाकडं पाहिलं, बुढीनं गोठ्याकडं पाहिलं. भागीरथानं न बोलता तिच्या मांडीखालचं गाठोडं ओढलं आणि त्यात हात घातला. पळसाच्या पानात बांधलेली सुकी मासोळी, मिठानं पांढरी झालेली.

"हे कोठून आलं मले ठाऊक नाई," रुखमाबाई म्हणाली.

"नेहमीसारखं आपल्या पायानं आलं असन."

"एवढीशी तर होय."

"एवढीशीच पायाले चढते."

कमळानं बुढीची मिठाशिवायची पेज भागीरथालाही आणून दिली, तिनं अर्धीच घेतली. पानाची पुडी डब्यात न घालता हातात घेतली, कारण डब्याला वास लागतो. छत्री उघडली. बोडीच्या पाळीवरून जाताना गोविंदाच्या दाराशी थांबली, आणि दर गुरुवारी देत असे तशी ती पुडी त्याच्या डाव्या हातात दिली.

"आज लहान आहे," गोविंदा पुडी उघडून म्हणाला.

"बुढी हुशार झाली," भागीरथा म्हणाली, आणि सुया उकळायच्या राहिल्या होत्या म्हणून भरभर दवाखान्याकडं गेली.